हाजी फालिहच्या बागेतले पाहुणे

विजदानने वाफ्यातली मूठभर माती उचलून नाकाशी धरली आणि तिचा चेहरा उतरला. अजून रॉकेलचाच वास. बोटं मात्र एकमेकांना चिकटत होती, आणि वाफ्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. खनिज तेलाला मुंग्या लागल्याचं तिच्या वाचनात तरी नव्हतं.

"हाजी, इथं काय ओतलंत?"

हाजी फालिह खजुराच्या बुंध्याला टेकून उभे होते. बसऱ्याबाहेरच्या या त्यांच्या बागेतून जाणारी तेलवाहिनी हिवाळ्यात फुटली. तेल कंपनीचं म्हणणं सरळ होतं: विजदानच्या प्रयोगशाळेतल्या जंतूंनी नमुन्याच्या वाफ्यातलं तेल उन्हाळ्यापर्यंत निम्म्यावर आणलं, तर बाग राहील. नाही तर माती खरवडून नेणार, आणि तिच्यासोबत झाडंही. आज दुपारी कंपनीचा इंजिनियर बघायला येणार होता.

"दिब्स," हाजी म्हणाले. "खजुराची काकवी. घरचीच आहे, भेसळ नाही."

"पण कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत की."

तिने काय सांगितलं होतं ते तिला आठवलं. चहा पिताना ती भरात आली होती. जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ पटलात एक विकर, म्हणजे एन्झाइम, रुतून बसलेलं असतं. त्याच्या पोटात लोखंडाचे दोन अणू. तेलाची लांबलचक साखळी सापडली की ते तिच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतं. मग तेलाचं अल्कोहोल होतं, त्याचं पुढे मेदाम्ल, आणि ते जंतू खाऊन टाकतो. पटलातून उपटून काढलं तर या विकराची अवस्था खुर्ची गेलेल्या मंत्र्यासारखी होते, असंही ती म्हणाली होती. हाजींनी त्यातलं मधलं तेवढं ऐकलं होतं.

"माझ्या बागेत दारू गाळतायत," ते म्हणाले. "मी हजला जाऊन आलेला माणूस, डॉक्टरबाई. म्हटलं, पाहुणे आहेत, परके आहेत, भुकेपोटी करत असतील. पोटभर गोड मिळालं तर सोडतील बिचारे."

"सोडलीच त्यांनी. साखर मिळतेय तोवर ते विकर बनवायच्या भानगडीतच पडत नाहीत. तेल आहे तिथंच आहे."

"म्हणजे जेवण चालू, काम बंद?"

"हो."

"थोरला जावई आठवला," हाजी म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला आणि मग तो तिथंच ठेवला.

विजदान बांध ओलांडून पलीकडच्या वाफ्यात गेली. तो नुसता तुलनेसाठी ठेवला होता. तीच खणणी, तेवढंच पाणी, तेवढाच युरिया. जंतू मात्र सोडले नव्हते. तिथं कुणी राहत नाही अशी समजूत असल्यामुळे हाजींनी तिकडे काकवी नेली नव्हती. तिने माती हुंगली. ओल्या जमिनीचा वास आला. दोन्ही वाफ्यांचे नमुने तिने गाडीतल्या यंत्रावर लावले, आणि आकडे बघून या वाफ्याचा नमुना पुन्हा एकदा लावला. तेल निम्म्याहून खाली होतं.

इंजिनियर कामिल दुपारी आला तेव्हा ती त्याच वाफ्यात उभी होती. त्याने आकडे बघितले.

"जिंकलात, डॉक्टर. अख्ख्या बागेत हेच सोडू. जंतूंचं नाव सांगा."

नाव तयार होतं. तिच्याच आडनावावरून ठेवलेलं, पीएच.डी.पासून तिने ते जंतू सांभाळले होते, लग्नात रजा घेतली तेव्हाही बहिणीला खायला घालायला सांगून.

"माझे त्या वाफ्यात आहेत," ती म्हणाली. "त्यांनी काही केलं नाही. हे इथलेच, मातीतले."

"इथले म्हणजे कुणाचे?"

"कुणाचे नाहीत. तेल सांडलं तसे वाढले."

कामिलने टोपी काढून घाम पुसला. "असं लिहिता येत नाही हो. फाइलला पुरवठादार लागतो. पुरवठादार नाही तर उपचार नाही, उपचार नाही तर खोदाई. तुमचं नाव घालतो ना. कोण विचारतंय?"

हाजी एकदा तिच्याकडे, एकदा झाडांकडे बघत होते. विजदानने हातावरची माती झाडली. ती सगळी काही निघाली नाही.

"हाजी फालिहचं घाला," ती म्हणाली. "बाग त्यांची, जंतूही त्यांचेच."

कामिलने खांदे उडवले आणि नाव लिहिलं. "हाजी, माल कुठून आणता?"

हाजींनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"आणायचा कुठून?" ते म्हणाले. "आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडेच आहे."