वर फ्लेक्स, खाली फळा

हडपसरच्या पुढे भैरवमळा आहे. तिथल्या पाण्याची चावी वीस वर्षं रंगरावांच्या हातात. व्हॉल्व खोलायचा, बंद करायचा आणि देवळाजवळच्या फळ्यावर खडूनं वेळ लिहायची : सुरू ६.१०, बंद ६.५०. गाव शहरात गेलं, ग्रामपंचायत गेली, रंगराव कंत्राटी झाले. फळा राहिला.

मग पाणी कार्यालयानं त्याच फळ्याच्या डोक्यावर फ्लेक्स ठोकला. 'कामगिरी अहवाल. भैरवमळा : रोज दोन तास पाणी. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण.' खोटंच बोलायचं तर निदान दुसऱ्या भिंतीवर बोलावं. पण लाज विकून खाल्लेल्यांना भिंत कुठली नि काय.

लोक वर वाचायचे, खाली वाचायचे आणि हसायचे. ते हसू कार्यालयात पोचलं. अभियंता शौनक गाडी घेऊन आला.

"अहो रंगराव, फळा पुसा."

"का वो साहेब? खोटं लिवलंय का?"

"खऱ्याखोट्याचं सोडा. पहिल्या तारखेला कंत्राट वाढवून हवंय ना?"

अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देतंय? रंगरावांनी फळा पुसला.

घरी बायकोनं, यमुनाबाईंनी ताट वाढलं. "पुसला म्हणं फळा?"

"पुसला."

"मग ह्ये बी पुसून टाका." त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

कॅलेंडर. दुधाच्या खुणेशेजारी, प्रत्येक तारखेच्या चौकोनात पाण्याची वेळ. देवळातून येताना फळा वाचायचा आणि घरी येऊन ती वेळ कॅलेंडरवर टाकायची, ही गावातल्या बायकांची जुनी रीत. उद्याचं धुणं त्यावर ठरायचं.

शुक्रवारी अहवालावर जनसुनावणी होती. साठ बायका साठ कॅलेंडरं गुंडाळून गेल्या.

शौनक हसला. "घरी बसून काहीही लिहिलं, तर तो पुरावा होतो का?"

पण साठही कॅलेंडरं एकमेकांशी जुळत होती. वरिष्ठ साहेबांनी चष्मा काढला. "या वेळा मुळात लिहिल्या कोणी?"

यमुनाबाईंनी मागे बसलेल्या नवऱ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच रंगराव अशा सभेत उठले.

"म्या. व्हॉल्व म्याच खोललाय, म्याच बंद केलाय. सही कुठं करू?"

सही केली आणि हातातली चार फुटी लोखंडी चावी टेबलावर आडवी ठेवली. "आता द्या दुसऱ्याला. चौदा व्हॉल्व हायेत, निम्मे तुमीच डांबराखाली गाडलेत. कुठं हायेत त्ये अहवालात बघून शोधा म्हणावं."

साहेबांनी चावी हळूच परत सरकवली. "उद्या पाणी सोडा."

पुढच्या महिन्यात नवा फ्लेक्स लागला. 'भैरवमळा : रोज चाळीस मिनिटे. उद्दिष्ट अपूर्ण.' पाणी थेंबभरही वाढलं नव्हतं. ते भांडण अजून बाकी होतं. पण सरकारच्या तोंडून खरं वदवलं होतं, आणि त्या 'अपूर्ण'पुढं अख्खं गाव छाती काढून उभं होतं.

रंगरावांनी खडू उचलला.

"अक्षर नीट काढा," यमुनाबाई म्हणाल्या. "आता ह्येच वर छापत्यात."