तोंड दाखवून बोल

डच लोकांना शब्दांमध्ये जागा सोडायची बहुधा बंदी असावी. आर-बाइट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हाइट्स-फर-झे-क-रिंग. एवढा लांबलचक एकच शब्द आणि अर्थ काय, तर काम करता न येणाऱ्याचा विमा! दुपारी त्यांच्या इस्पितळाची मुलाखत होती, लॅपटॉपवर. जमलं तर नेदरलँड्समध्ये नर्सची नोकरी, नाही तर इथली आमची वस्ती, कामतघर, आहेच. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"परत बोल, धम्मा," बाबा म्हणाले.

कापड विणायच्या लूमवर उभा जन्म गेला आणि बाबांचे कानही गेले. यंत्रं सुरू असली की तिथे कुणालाच ऐकू येत नाही. मग कामगार समोरासमोर तोंड करतात, शब्द तोडतात आणि ओठांवरून ओळखतात. आमच्या घरातही तीच रीत. म्हणून माझा सराव बाबांसमोर. हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे, असं डचच्या क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं. बाबा हनुवटीवर नजर लावून बसत आणि तुकडा गाळला की हात वर करत.

"मधला खाल्लास."

"बाबा, डोकं नको खाऊ!" मी खेकसले. ते हसले. पुन्हा म्हणायला लावलं.

मुलाखतीत वाचायला उतारा विम्याचाच आला. घर एका खोलीचं, त्यामुळे बाबा लॅपटॉपच्या मागेच बसले होते. मी त्यांच्याकडे बघत, तोंड फाकवून, एकेक तुकडा खणखणीत सुटा केला. पडद्यावरच्या बाईंनी कानावरचा हेडफोन दूर धरला.

"मला ऐकू येतं," त्या डचमध्ये म्हणाल्या. "तोडू नका. सलग बोला."

आता बाबांकडे बघितलं तर संपलंच. मी नजर पडद्यावर रोवली, ओठ जेमतेम हलवले आणि तो अख्खा शब्द एका दमात म्हणून टाकला. मग पुढचा सगळा उताराही तसाच. बाई मान डोलावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, तुम्हाला घेतलंय, कागद पाठवतो.

लॅपटॉप मिटला. बाबांकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "बाबा, झालं. मी जाणार."

"मला म्हाईत हाय."

"कसं?"

"शेवटी तू बोलत व्हतीस ना, त्यातला मला काय बी कळला न्हाय," बाबा म्हणाले. "तवाच समजला, तुला जमला."

आणि हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.