ड्रायव्हरला गाडी लागत नाही

कमळला एकच प्रश्न पडला होता, आणि तो तिनं पेणच्या आसपासच्या निम्म्या लोकांना विचारून झाला होता. गाडी ड्रायव्हरला का लागत नाही?

मागे बसलेल्याला लागते, पुढे बसलेल्याला लागते, मांडीवरच्या पोराला लागते. मग ज्याच्या हातात गाडी, तोच एवढा कसा सुटतो? तिचा नवरा बुधाजी. गावची मिठागरं बंद पडत गेली तसं त्यानं ट्रकचं स्टिअरिंग धरलं, मीठ, रेती, लोखंड, मिळेल ते वाहिलं, आणि आता दारात स्वतःचे ट्रक उभे होते. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "अगो, डायवरला लागली तं गाडी चालवायची कोनी?" आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचा. आता याला काय उत्तर म्हणायचं? दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाच्या आत पाणी असतं, ते हिंदकळतं. मग ड्रायव्हरच्या कानात काय दगड भरलेले असतात? कमळनं तसं तोंडावर विचारलंसुद्धा. बाईंनी पुढचा पेशंट बोलावला.

तुम्ही म्हणाल, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय खूळ. खूळ नव्हतं हो. कमळला गाडी लागायची म्हणजे भलतीच लागायची. वडखळचा नाका यायच्या आत जांभया सुरू. मग तोंडाला पाणी, मग हात गार, मग पिशवी, आणि पिशवीनंतरही संपत नसे. डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती आडवी व्हायची. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन बसून झालं. लग्नाच्या वऱ्हाडात तिच्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची.

आणि तिची सख्खी धाकटी बहीण कोकिळा पडली होती पार हरिहरेश्वरला. नवरा धर्मा तिकडचा. पनवेलला कामाला असताना त्याची सोयरीक जमली आणि तो तिला घेऊन गावी गेला. देवाला येणाऱ्यांना आणि समुद्रावर येणाऱ्यांना खोल्या द्यायच्या, जेवण घालायचं, असं त्यांचं छान चाललेलं. कोकिळा माहेरी यायची, कमळ तिच्याकडे कधीच गेली नव्हती. बहिणीच्या घराला दार कोणत्या दिशेला आहे हेही तिला माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी धर्मा अचानक गेला. निरोप आला तशी जीप काढली, कमळ निघाली. म्हसळ्याच्या अलीकडच्या घाटात तिची शुद्ध गेली. रस्त्याकडेच्या एका घरात अनोळखी बाईनं तिला अंगणात निजवलं. बाकीचे पुढे गेले, कारण मयत थांबत नाही. दहाव्याला ती पुन्हा निघाली आणि त्याच घाटातून पुन्हा परत आली.

कोकिळानं फोनवर एवढंच म्हटलं, "गाडी लागते म्हनून सख्खी बहीन येत न्हाय, असं मी कुठं ऐकलं न्हाय. यायचं नव्हतं असं बोल ना. ढोंग कशाला?" त्यानंतर तिचा फोन नाही. कमळनं केला तर तिची मुलगी रुचिता उचलायची आणि म्हणायची, "मावशी, आई कामात हाय." चार वर्षं माणूस कामात असतं का? कमळ फोन ठेवून मोरीत जाऊन रडायची, कारण घरात दुसरीकडे कुठे रडलं की कारण सांगावं लागतं.

तर असा तो प्रश्न होता. उत्तर मिळालं तर कमळ बहिणीच्या दारात उभी राहणार होती.

उत्तराचा माग लागला तो सुनेमुळे. मृणाली नवी मुंबईची, तिला फिरायचा भारी नाद. एके दिवशी तिनं मोबाईलवर दाखवलं, "आई, बघा ना, लोक खास हे टर्न्स मारायला येतात. दिघीच्या पुढचा रोड. सुट्टी काढून येतात!" कमळनं ती वळणं पाहिली आणि तिला पडद्यावरच मळमळलं. पण डोकं मात्र चालू झालं. वळणं खायला सुट्टी काढून येणारी माणसं? यांच्या पोटात आहे तरी काय?

"ह्यांच्यात गाडी लागनारा एक पन नसंल?"

"असेल की. पण तो चालवत असला तर नाही लागत. मला पण मागे बसल्यावर लागते, चालवताना नाही."

कमळ उठून उभीच राहिली. "मंग मला शिकव," ती म्हणाली.

मिठागराच्या बांधावरच्या सरळ सपाट रस्त्यावर मृणालीनं सासूला गाडी शिकवली. बुधाजी लांब उभा राहून हसायचा. गाव त्याच्या जोडीनं हसायचं. कमळनं दोनदा कुंपण पाडलं, एकदा गाडी चिखलात घातली, पण लायसन काढलं. जांभई एकदाही आली नव्हती. पण सपाट बांधावर आणि जांभई कशाला येईल? खरं काय ते वळणच सांगणार होतं.

एका सकाळी तिनं जाहीर केलं, "मी कोकीकडं चाललेय. किनाऱ्याच्या रस्त्यानं. तुमी येताय का?"

बुधाजी आला. बायकोला एकटीला सोडायला तो घाबरत होता, पण म्हणाला काय, तर "गाडीची काळजी वाटते." शिवाय चावीही त्यानंच खिशात घातली. "अलिबागपर्यंत मी चालवतो. पुढं बघू."

वडखळच्या आधीच कमळच्या जांभया सुरू झाल्या. कार्लेखिंडीचा चढ लागला आणि तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्या वळणाला हात गार पडले. "थांबा. उतरा. चावी द्या," ती म्हणाली.

"भर खिंडीत?"

"मंग कुठं देनार, घरी गेल्यावर?"

तो पुटपुटत डावीकडे जाऊन बसला. कमळनं दीर्घ श्वास घेतला, गाडी पहिल्यात टाकली आणि वळण घेतलं. मग दुसरं. मग उतार. ती जांभईची वाट बघत होती आणि जांभई येत नव्हती. तोंडातलं पाणी सुकलं, हात गरम झाले. खिंड संपली तरी काही झालं नाही. तीच खिंड, तीच गाडी, तेच पोट! कमळला हसूही आलं आणि रागही आला. एवढी वर्षं हा इलाज तिच्या हाताएवढ्या अंतरावर होता आणि कुणाला सुचलं नाही. तिला स्वतःलाही नाही.

चौलच्या वाड्यांमधून रस्ता एवढासा होत गेला. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी आणि समोरून एसटी. बुधाजी ओरडला, "दाब डावीकडं! अजून! अगो, आरसा, आरसा!" आरसा वाचला. रेवदंड्याचा पूल गेला, काशीदच्या चढावर घोळक्यांनी उभ्या असलेल्या पर्यटकांतून तिनं गाडी काढली. वळण आलं की तिला आता उत्सुकता लागायची, पलीकडे काय असेल? एकदा भातशेत निघालं, एकदा म्हशी निघाल्या, आणि मुरूडच्या अलीकडे एका वळणाआड एकदम अख्खा समुद्र उभा राहिला. "बाय माजे!" ती म्हणाली आणि वेग कमी करून बघत राहिली. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. वाजव बाबा, तुझा रोजचा असेल.

बुधाजीचा तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता. मुरूडला त्यानं दोन प्लेट मिसळ हाणली, वर भजी. "बसून बसून भूक लागते," म्हणाला.

आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी उलटी चढवायची होती. बोटीवरचा माणूस हात हलवून ओरडत होता, "मागं घ्या, मागं! अवो काका, तुम्ही बसा ना स्टेअरिंगला!"

"काका पाहुने हायेत," कमळ खिडकीतून म्हणाली, आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा गाडी बरोब्बर दोन जीपच्या मधे बसवली. बोटीवरची माणसं हसली. बुधाजीही हसला. बायकोचा अभिमान वाटल्याचं त्यानं लपवायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

दिघीला उतरल्यावर मोबाईलमधला तो रस्ता सुरू झाला. चढ अंगावर येत होता आणि वळणं अशी की पुढचा रस्ता मागेच फिरल्यासारखा वाटावा. कडेला खडी सुटलेली. अर्ध्या चढावर वरून जीपांची रांग उतरत आली, टपावर सामान, काचांवर स्टिकर, मोठमोठ्यांदा गाणी. कमळनं कडेला घेऊन ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. ब्रेकवरचा पाय जरा हलला की गाडी मागे सरकायची. मागे दरी होती.

आता बुधाजी ओरडेल, हँडब्रेक, क्लच, आरसा, म्हणून ती थांबली. आवाज आला नाही. तिचा जीव टांगणीला लागला. "अवो, बोला ना!" तरी नाही. मग तिनं स्वतःच हँडब्रेक खेचला, गाडी चालू केली, मृणालीनं सांगितल्यासारखा क्लच हळूच सोडला, आणि जीपा गेल्यावर गाडी गुरगुरत वर चढली. शेवटच्या जीपमधल्या पोरींनी मागे वळून, हात बाहेर काढून टाळ्या वाजवल्या होत्या, ते तिला नंतर आठवलं.

वर सपाटीला आल्यावर तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बुधाजीनं जांभई दिली.

कमळ चमकली. ती जांभई झोपेची नव्हती. जन्मभर जे स्वतःच्या पोटात पाहिलं ते ती ओळखणार नाही? दिवेआगर गेलं तसा तो आवंढे गिळायला लागला. शेखाडीच्या रस्त्याला उजवीकडे खाली काळे खडक, त्यांवर फुटणाऱ्या लाटा, असं रूप की सुट्टी काढून येणाऱ्यांचा तिला पहिल्यांदा हेवा वाटला. आणि डावीकडे बुधाजी डोळे मिटून दाराची कडी धरून बसलेला.

"लागली का?" तिनं विचारलं.

"मला? येडी का खुळी? ऊन लागलंय."

"पिशवी देऊ?"

"तू पुढं बघ!"

श्रीवर्धन मागे पडलं तेव्हा त्याचे हात गार होते. तिनं हळू चालवली, दोनदा थांबवली. दया येत होती आणि खोटं कशाला बोला, थोडी गंमतही वाटत होती.

हरिहरेश्वरात विचारत विचारत ती बहिणीच्या घरापाशी पोचली. दार पूर्वेला होतं, दारात अबोली लावलेली होती आणि कोकिळा ओटीवर कोकम निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. कोकिळानं मान वर केली, बहिणीला ओळखलं, आणि तोंड फिरवून ती आत जायला उठली.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. बुधाजी बाहेर आला, चार पावलं चालला, अबोलीच्या आळ्याशी गुडघे टेकले आणि मिसळ, भजी, सगळं बाहेर पडलं.

कोकिळा थबकली. "दाजींनी घेतलीय का? भर दुपारी?"

"गाडी लागली त्यांना," कमळ म्हणाली.

"दाजींना? डायवरला?"

"आज डायवर मी व्हते."

कोकिळानं गाडीकडे पाहिलं, उजवीकडच्या उघड्या दाराकडे, मग बहिणीच्या हातातल्या चावीकडे. दोघींनी बुधाजीला धरून ओटीवर आणलं. तो फरशीवर आडवा झाला, एवढा धिप्पाड माणूस, रंग पांढराफटक. कोकिळा पाणी घेऊन आली तर त्यानं हातानं नको केलं. "हलवू नका मला," तो म्हणाला. "जमीन फिरतेय."

कोकिळा त्याच्या उशाशी बसली. मग हळूच म्हणाली, "दाजी, आत्ता कोनी सांगितलं, उठा, गाडीत बसा, अजून एवढाच घाट हाय, पुढं मयत हाय. जाल?"

बुधाजीनं डोळे उघडले नाहीत. "माझं सोताचं मयत असलं तरी न्हाय जानार," तो म्हणाला.

कोकिळाला हसू फुटलं आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. तिनं पदर तोंडाशी धरला. "तू त्या दिवशी अशीच पडली व्हतीस का गो ताय?"

"याच्याहून वाईट. शुद्ध नव्हती मला."

"आनि मी ढोंगी म्हटलं तुला." कोकिळा आता सरळ रडत होती. "तुलाच म्हटलं असतं तरी बरं. सगळ्या आळीत सांगत फिरले मी. घरोघर. माझ्या बहिनीला माझं दुःख दिसलं न्हाय म्हनून."

कमळनं तिला जवळ ओढलं. चार वर्षांत किती वाक्यं जुळवून ठेवली होती तिनं, या वेळेला बोलायची म्हणून, पण त्यातलं एकही आठवेना. तिला फक्त बरं वाटत होतं, फार फार बरं. तीही रडली, आणि या वेळी कुणाला कारण सांगायचं नव्हतं.

पोटभर रडून झाल्यावर तिनं बहिणीचे डोळे पुसले. "सांगत फिरलीस ना घरोघर? मंग आता परत फिरायला लागंल."

"फिरीन," कोकिळा म्हणाली. तिनं फरशीवरच्या बुधाजीच्या अंगावर चादर टाकली, पायांत चपला सरकवल्या आणि ओटीच्या पायऱ्या उतरली. "आत्ताच फिरीन. पन चालत न्हाय. गाडी काढ."