काढलेलं सगळं ताटात

उस्तादांच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. चाळीस वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस. नुसत्या आवाजावरून गिअरचा कुठला दात झिजलाय ते सांगायचा. पण क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या रस्त्यावर आल्या आणि उस्तादांचं टाळकं फिरलं. "हाताला काम नाही ती कसली गाडी? पाळणाच तो!" असं म्हणत ते त्या गाड्या दारातूनच परत धाडायचे. होता होता दारात गाड्या येईनाशाच झाल्या. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की बस झालं, गॅरेज बंद, जागा शेजारच्या फरशीवाल्याला गोदामासाठी देऊन टाकायची. तो आज चार वाजता सहीचे कागद घेऊन येणार होता.

पण लेक काय कमी हट्टी? खाण तशी माती. लहानपणी इंजिनात पडलेले नट बारीक बोटांनी अलगद उचलून द्यायची, म्हणून तिला सगळे चिमटी म्हणायचे. दोन वर्षं दुसरीकडे राहून ती ऑटोमॅटिकचंच काम शिकून आली होती. ती म्हणाली, "बाबा, एक गाडी माझ्या हातानं करू द्या. तुमच्या डोळ्यांदेखत. नाही जमलं तर फरशा मी स्वतः उतरवून घेते."

गाडी आली ती नर्सबाईंची. बाळंतिणींच्या घरी जाण्यात त्यांचा जन्म चाललेला, आणि गाडी दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना असा हिसका द्यायची, की औषधांची पेटी सीटवरून खाली यायची. एका मोठ्या गॅरेजात त्यांना अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं. चिमटीनं एक फेरी मारून ऑइल कोमट केलं, गाडी उचलली आणि म्हणाली, "आधी ऑइल आणि फिल्टर बदलून बघू. बाई, बसा तुम्ही बाकावर."

उस्ताद हात मागे बांधून उभे राहिले. तिनं गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन एका कोपऱ्यातून सैल केलं, तशी चहाच्या चोथ्यासारखी काळपट धार डब्यात पडली. तिनं दोन बोटांत घेऊन चोळलं, हुंगलं. "करपलेलं नाही. थकलंय नुसतं." मग मापानं मोजलं, किती निघालं ते भिंतीवर खडूनं लिहिलं. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी गाळ होता. "हा चालतो. लोखंडाचा किस निघाला असता तर मी हात जोडले असते." उस्ताद फक्त "हं" म्हणाले, पण मनातून ते सुखावले होते.

आता त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता आणि तो खुद्द त्यांचाच. गाडीतून काढलेलं सगळं लोखंडी ताटात, काढलं त्या क्रमानं मांडायचं. बाद असो, मोडकं असो, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ताट रिकामं करायचं नाही. चिमटीनं एकदा एक फुटका वॉशर फेकला, तर त्यापायी तिला सगळा कचरा उपसायला लावला होता त्यांनी!

चिमटी पॅन धुवायला मागे गेली आणि उस्तादांचे हात शिवशिवले. वर जुना फिल्टर दिसत होता. एक पीळ, एक हिसका, आला हातात! कोपरापर्यंत ऑइल ओघळलं. त्यांनी फिल्टर भिरकावला तो थेट कचऱ्याच्या पिंपात. चिमटी आली तसे ऐटीत म्हणाले, "काढून दिलाय. लाव नवा."

तिनं नवा फिल्टर उचलला आणि थांबली. ताटाकडे बघितलं. "जुना कुठाय?"

"टाकला. बाद वस्तू ती, आता काय तिची आरती करायची?"

तिनं सरळ पिंपात हात घालून फिल्टर बाहेर काढला. त्याचा गळा उघडा होता. "बाबा, याची रबराची रिंग कुठाय?"

उस्तादांनी मान वर करून गिअरबॉक्सकडे बघितलं. रिंग वर भोकातच चिकटून राहिली होती. त्यावर नवा फिल्टर दाबला असता तर तो नीट बसला नसता, पंपानं ऑइलऐवजी हवा ओढली असती, आणि ऐन चढावर गाडीनं मान टाकली असती, बाई आत असताना. त्यांनी बोट घालून पाहिलं. जाड बोट निम्म्यातच अडलं. मग चिमटीचं बोट गेलं, नखानं चाचपत फिरलं, आणि काळी कडक रिंग अलगद खाली आली. तिनं ती ताटात फिल्टरशेजारी ठेवली.

"उस्ताद," बाकावरून नर्सबाई हसल्या, "गुरूची विद्या गुरूलाच फळली की!"

एरवी ते कडाडले असते. कान तापले खरे, लाजही वाटली. पण त्या लाजेच्या मागोमाग अंगावर मूठभर मांस चढलं. चाळीस वर्षं हा नियम ते सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत आले, आणि पाळला कुणी? या पोरीनं, खुद्द बापाची भीड न ठेवता!

पुढचं ते गुपचूप बघत राहिले. नवी रिंग, नवा फिल्टर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळणं, भिंतीवरच्या मापाइतकंच लालभडक ऑइल. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा एकेका खुणेवर थांबवत नेला, परत आणला, आणि पट्टी काढून ऑइलची पातळी बघितली. सगळे चढावर निघाले. बाई चालवत होत्या, उस्ताद मागे बसून हिसक्याची वाट बघत होते.

"तिसरा पडला का गं?"

"केव्हाच, बाबा."

उस्तादांना खिडकीबाहेर बघावं लागलं, डोळे भरून आले होते.

चारला नर्सबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा फरशीवाला कागद घेऊन आत येतच होता. "मालक, करायची ना सही?"

उस्तादांनी मागे बघितलं. आता कुठे चिमटी ताट उचलत होती.

"मालकीणबाई ताट आवरतायत," ते म्हणाले. "त्यांचं झालं की त्यांनाच विचारा."