आबांनी लावलेली राळ

पिंपळनेरच्या यादव आबांनी आयुष्यात एकच यंत्र मनापासून ओळखलं होतं, ते म्हणजे त्यांची पिठाची गिरणी. एकतीस वर्षं चालवली. पट्टा सरकायला लागला की राळेचा खडा फिरत्या पट्ट्याला टेकवायचा. राळ चिकट, ती लागली की पट्टा पुलीला धरतो आणि गिरणी मुकाट दळायला लागते. एवढ्या अनुभवावर आपल्याला जगातल्या सगळ्याच पट्ट्यांतलं कळतं असं एखाद्याला वाटलं, तर त्यात त्याची फार चूक नाही. थोडी आहेच.

त्यांची मुलगी मृणाली मोटार मेकॅनिकचं शिकली, चार वर्षं नाशिकला कंपनीत राबली, आणि आता धुळ्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवायला तिची निवड झाली होती. कंपनीने सोडायला उशीर केल्यामुळे रुजू व्हायचा आज शेवटचा दिवस होता. पाचच्या आत हजर नाही झाली तर यादीतल्या पुढच्याला बोलावणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं.

घरची जुनी गाडी आठवडाभर सुरू करताना किंचाळत होती. ‘बेल्ट जुना झालाय, रुजू झाले की बदलते,’ असं मृणाली म्हणाली होती. पण पोरगी मास्तर म्हणून फाटकातून आत शिरणार आणि गाडी असा गळा काढणार, हे काही आबांना सहन होईना. काल संध्याकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी बॉनेट उघडलं आणि फिरत्या बेल्टला राळ लावली. हात सढळ, त्यामुळे जरा जास्तच लावली. गाडी गप्प झाली आणि आबा रात्री एक भाकरी जास्त जेवले.

निघायचं होतं बाराला. पण पोरीच्या आईने, मंदाबाईंनी, आधी बुद्धवंदना, मग सगळ्या गल्लीला खीर, आणि मग प्रत्येक बाईचा मृणालीच्या गालावरून हात, असा कार्यक्रम लावला. गाडी हलली तेव्हा दीड वाजला होता.

साक्री चार-पाच किलोमीटरवर आली आणि गाडीने असा काही सूर लावला की बांधावरच्या शेळ्या पळाल्या. बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग जड झालं. आबा खिडकीबाहेर बघायला लागले, जणू आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून येत होता.

गाडी कशीबशी साक्रीत स्पेअर पार्टच्या एका दुकानासमोर उभी राहिली. मृणालीने बॉनेट उघडलं, टॉर्च लावला, बेल्ट बोटांनी उलटा करून पाहिला. बेल्टच्या आतल्या अंगाला उभ्या खाचा असतात. त्या तपकिरी चिकट थराने भरून गेल्या होत्या आणि वर धूळ बसली होती.

“आबा, हाई काय शे?”

“रस्तानी धूळ व्हयी,” आबा म्हणाले.

तिने बोट नाकाशी नेलं. लहानपणी ती दप्तर घेऊन गिरणीच्या ओट्यावर अभ्यास करायची. हा वास तिला झोपेतही कळला असता. तिने तेच बोट वडिलांपुढे धरलं. आबांच्या कानशिलांना घाम फुटला. आपल्या हाताने आपण पोरीची नोकरी घालवली, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

“मीच लाई राळ,” ते म्हणाले. “गाडी चिं चिं करे, म्हनीसन.”

मृणालीला हसू फुटलं, आणि इतकं फुटलं की तिला बंपरला धरावं लागलं. “गिरणीचा पट्टा सपाट असतो, आबा,” ती डोळे पुसत म्हणाली. “हा पुलीच्या खाचांत बसून चालतो. तुम्ही खाचाच भरून टाकल्या. तो बसणार कुठे?”

दुकानदार बन्सीलालने त्याच मापाचा नवा बेल्ट काढून दिला. मृणालीने जुना बेल्ट कुठल्या पुलीवरून कसा फिरलाय याचा मोबाइलवर फोटो घेतला आणि मगच तो उतरवला. पेट्रोलच्या फडक्याने एकेक पुली पुसली. घड्याळात तीन वाजून गेले होते. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर लांब पान्याने मागे खेचून धरायला माणूस हवा होता, तो आबा झाले. त्यांनी सारं अंग टाकून पाना धरला, तिने बेल्ट चढवला आणि चावी लावायला धावली.

“थांब,” आबा म्हणाले.

“आबा, वेळ नाहीये.”

पण आबा चाकापाशी गुडघ्यांवर बसले होते. गिरणी चालू करायच्या आधी पट्टा सरळ बसलाय का हे एक डोळा मिटून बघायची त्यांची रोजची रीत. तसंच त्यांनी खालून पाहिलं, दोनदा पाहिलं. “खालनी पुलीवर एक खाच भायेर शे.”

मृणाली खाली वाकली. खरंच, बेल्ट एक खाच बाजूला बसला होता. तसाच चालवला असता तर धुळे यायच्या आत चिंध्या झाल्या असत्या. “घाईत माझ्याकडून राहिलं,” ती हळूच म्हणाली. आबांनी पुन्हा पाना धरला, तिने बेल्ट खाचांत नीट बसवला. गाडी सुरू झाली आणि बेल्टचा आवाजच आला नाही. आबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बन्सीलालला उगाचच जय भीम घातला.

मृणालीला त्यांनी नळावर पाठवलं आणि धुण्याच्या पावडरने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. स्वतः मात्र हत्यारं गोळा करत राहिले, हात धुवायचं राहूनच गेलं.

पाचला नऊ मिनिटं कमी असताना दोघं संस्थेच्या कार्यालयात शिरली. टेबलामागच्या हेमलताबाई पर्स आवरत होत्या. त्यांनी समोर पाहिलं. एक स्वच्छ कपड्यांतली मुलगी, आणि शेजारी कोपरापर्यंत काळा झालेला, बाहीला ग्रीस लागलेला धिप्पाड माणूस. त्यांनी हजेरीचं रजिस्टर आबांपुढे सरकवलं.

“मोटार मेकॅनिकचे नवे सर ना तुम्ही? बसा सर. इथे सही करा.”

यादव आबांना त्रेसष्ट वर्षांत कुणी सर म्हटलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर कडेला दोन बोटांनी धरून अलगद मृणालीपुढे फिरवलं, आणि ते करताना त्यांचा चेहरा असा फुलला की हेमलताबाईंनी पर्स खाली ठेवली.

“सर मी नही,” आबा म्हणाले. “सर हाई शे.”