पद्मावतीचा डोंगर मी साफ केला

मित्रांनो, कोरगावच्या डोंगरावर पंचवीस काजूहंगाम काढलेला जुना कोयता मी. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्याकडे ही एवढीच आहे.

माझा जन्म डिचोलीच्या एका लोहाराकडे झाला. खाणीवरून भंगारात गेलेल्या ट्रकाचं स्प्रिंगपातं तापवून, ठोकून त्यानं मला वाक दिला. म्हणजे डोंगर ओरबाडणं माझ्या रक्तातच होतं म्हणा. पद्मावतीच्या नवऱ्यानं मला विकत आणलं. काम एकच. हंगामाआधी काजूंखालचं रान सपाट करायचं, म्हणजे पडलेली बोंडं दिसतात. लोक म्हणायचे, "धार बघ रे कशी, लोण्यातसून गेल्यासारकी!" मी फुगायचो. मूर्ख होतो.

त्या डोंगराच्या पोटात एक झर आहे. पद्मावती लग्न होऊन आली तेव्हा ती मे महिन्यापर्यंत वाहायची. आता फेब्रुवारीतच कोरडी पडते. नवरा वारल्यावर पद्मावतीच्या जिवाला त्या झरीचाच घोर लागला. तेव्हा मुळगावची शिक्षिका सिद्धी भेटली. ती आणि तिची मंडळी दर रविवारी लोकांच्या जमिनीत जाऊन मूळची झाडं परत लावतात. सिद्धी म्हणाली, "काकी, वर पाणी धरून ठेवणारा रानच रवूक नाय. झर काय आभाळातसून येतली?"

मग काजूंच्या मधे मधे किंदळ, करमळ, भिरंड, जांभूळ लागलं. तीनशे रोपं. तीन वर्षं पद्मावतीनं एका हातानं रोप धरलं आणि दुसऱ्या हातानं मला चालवून त्याच्याभोवतीचं रानमोडीचं माजलेलं तण कापलं. एकाही रोपावर माझा ओरखडा उठला नाही.

रोपं ओळखता यावीत म्हणून सिद्धीच्या मंडळींनी प्रत्येकाला लाल फडकं बांधलं होतं. तेच नडलं. आजकाल आमच्याकडे डोंगरावर लाल फडकं दिसलं की लोक समजतात, मोजणी झाली, डोंगर गेला, वर बंगले येणार. चुकलं काय त्यांचं? शेजारचे दोन डोंगर असेच गेले. विकणाऱ्यांनी गावाला तोंडदेखलंसुद्धा सांगितलं नाही.

पद्मावतीचा दीर धाकू तावातावानं आला. "वयनी, दादाचो डोंगर इकलास? आणि माका सांगूक पण नाय?"

तिला हे फार लागलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती म्हणाली, "तुमका तसा वाटता ना? मग तसाच समजा." दुसऱ्या दिवशी तिनं सगळी फडकी सोडून टाकली आणि धाकूशी बोलणंही टाकलं.

डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणाला ती म्हापशाला गेली. एव्हाना कचेरीत चौकशी करून धाकूला कळलं होतं की डोंगर विकलेलाच नाही, आपण वहिनीवर उगाच आळ घेतला. फडकी कशाची होती, ते मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण माफी मागायला जीभ उचलते कुठे! त्यानं पडवीतून मला काढलं, दगडावर धार लावली आणि पाच दिवस घाम गाळून अख्खा डोंगर साफ केला.

मी ओळखत होतो, मित्रांनो. हा किंदळ, ही भिरंड. पण कोयत्याला तोंड नसतं.

पद्मावती परतली तेव्हा धाकू वाटेवरच हसत उभा होता. "वयनी, बघा! न्हाव्यान दाढी केल्यासारको डोंगर केलंय. यंदा एक बोंड लपाचा नाय."

ती वर बघत राहिली. मग हातातली पिशवी तिथंच टाकून पहिल्या खुंटाशी गेली. "भावजी, माझी झाडां होती ती."

"खंयची झाडां? रान होता सगळा."

"रानच लावलेला मी."

रविवारी सिद्धी आली. धाकू तिच्या मागून एकेका खुंटाशी वाकत होता. "ह्या काय होता, बाय? आणि ह्या?" ती नाव सांगायची, तो पुटपुटायचा. चाळिसाव्या खुंटाशी ती पाठ फिरवून डोंगर उतरायला लागली. तो तरीही बोट दाखवतच होता.

मित्रांनो, धाकूला शिव्या देऊ नका. द्यायच्याच तर गुपचूप डोंगर विकणाऱ्यांना द्या. त्यांनी जमिनीबरोबर घराघरांतला विश्वासही विकला. आणि तुम्ही रोपं लावाल, फोटो काढाल, तेव्हा फोटो राहू द्या. भावाला, दिराला, शेजाऱ्याला हाताला धरून वर न्या. एकेक रोप दाखवा, नाव सांगा. भांडण असलं तरी न्या. आधी झाडं दाखवा, मग हवे तितके दिवस अबोला धरा.