नऊ रद्द उड्डाणे

नासिलेलेने व्हिडिओ चौथ्यांदा मागे नेला आणि चाके धावपट्टीला टेकण्याच्या क्षणी थांबवला. टेकली की नाही, हे अजूनही कळत नव्हते. विमानाची सावली फक्त अलगद येऊन विमानाला मिळाली होती. कोपऱ्यातला खाली येण्याच्या वेगाचा आकडा सांगत होता, मिनिटाला अठ्ठावन्न फूट. इतक्या हळू टेकणाऱ्या विमानात मागच्या सीटवर झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही झोप मोडत नाही.

मागच्या सीटवर अर्थात कोणी नव्हते. विमानही नव्हते. लुसाकाच्या उत्तरेला, मान्सा गावात, स्वतःच्या खोलीत बसून एका दवाखान्यातल्या नर्सने ते कॉम्प्युटरवर उतरवले होते. म्वेवा कापेम्ब्वा त्याचे नाव. व्हिडिओखाली सव्वीस जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि सगळ्यांच्या वर कंपनीच्या प्रमुखांनी, बा हामुसोंदे यांनी, लिहिले होते, ‘याला म्हणतात उतरणं. शिका.’

“आली का तुझी सवत पुन्हा?” मागून मोंडे म्हणाली. नासिलेलेची ही धाकटी बहीण पलंगावर बसून आपल्या सलूनसाठी आणलेल्या खोट्या केसांचे झुपके सोडवत होती.

“कोण सवत?”

“हाच तो मान्साचा. चहा गार झाला बघ तुझा त्याच्या नादात.”

“मी रिपोर्ट तपासतेय. कामच आहे माझं ते.”

“हो ना. बाकीच्यांचे चुटकीसरशी तपासतेस. याचा मात्र तासभर संपत नाही.”

नासिलेलेने गार चहा एका घोटात संपवला आणि कप जरा जोरातच ठेवला.

बांग्वेउलू एअर ही कंपनी कुठल्याच विमानतळावर नव्हती. विमानतळावर रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या हामुसोंदे यांनी (‘बा’ हे तिकडे वडीलधाऱ्यांना आदराने म्हणतात) आठ वर्षांपूर्वी ती इंटरनेटवर उभी केली, आणि पहिल्या दिवसापासून नासिलेले त्यांच्या सोबत होती. खोटी असली तरी कंपनी शिस्तीत खऱ्याला हार जाणारी नव्हती. तिला वेळापत्रक होते, ठरलेले मार्ग होते, सारस रंगवलेली अकरा विमाने होती. वैमानिकाने वेळापत्रकातून फेरी निवडायची आणि घरच्या सिम्युलेटरवर ती खऱ्या विमानाला लागेल तितकाच वेळ उडवायची. एक छोटा प्रोग्राम उंची, वेग, इंधन, उतरणे, सगळे टिपून ठेवी. उड्डाण संपले की त्याचा अहवाल येई. अहवाल मंजूर झाला की तास जमा होत, तास साठले की खांद्यावरच्या पट्ट्या वाढत. त्रेचाळीस वैमानिक होते. मास्तर होते, दुकानदार होते, चिपाटाचे एक पाद्रीही होते. त्या सगळ्यांचे अहवाल एकाच हाताखालून जात, तो हात नासिलेलेचा.

एरवी ती सरकारी भूमापन कार्यालयात नकाशे काढत असे. बावीस वर्षे झाली होती. कंपनीसाठी तिने मार्गवही लिहिली होती, दोनशे बारा पानांची. कुठल्या नदीच्या वळणावरून डावीकडे घ्यायचे, कुठल्या टेकडीच्या मागे धावपट्टी दिसेल, असे सगळे एकेका मार्गाचे तपशील. आठ वर्षांत त्या वहीबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. पडद्यावरची मार्ग दाखवणारी जांभळी रेघ धरून उडणाऱ्याला नदीचे वळण कशाला लागते?

आणि आता बा हामुसोंदे निघाले होते. मोंझेला त्यांनी गुरे घेतली होती, उरलेले आयुष्य तिथे काढायचे होते. कंपनी कोणाच्या तरी हातात देऊन जायची होती. चार पट्ट्यांचा कॅप्टन हवा, एवढीच अट. तसे बरेच होते, पण नावे दोनच निघत होती. एक नासिलेलेचे. दुसरे चौदा महिन्यांपूर्वी आलेल्या या म्वेवाचे.

“खरं सांगू का,” बा हामुसोंदे तिला फोनवर म्हणाले होते, “त्याच्याकडे बघून लोक येतात. तुझ्याकडे बघून लोक नीट वागतात. कंपनीला दोन्ही लागतं बाई. पण खुर्ची एकच आहे.”

त्या दिवसापासून ती कामावर जाण्याआधी रोज सकाळी एकटीच उतरण्याचा सराव करत होती. एकशे नव्वद. एकशे सत्तर. दोनशे दहा. एकदा म्वेवासारखे तरंगत तरंगत उतरायला गेली, तर धावपट्टी संपली तरी चाके हवेतच, आणि विमान गवतात. तो अहवाल तिने स्वतःच पुसून टाकला होता.

त्या शनिवारी तिने म्वेवाचा ताजा अहवाल उघडला आणि एरवी कधी न बघितलेल्या रकान्यापाशी तिची नजर थांबली. मध्ये थांबणे: सतरा मिनिटे.

सिम्युलेटरमध्ये विमान हवेत आहे तिथेच गोठवता येते. कंपनीचा नियम असा, की दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ थांबलेले उड्डाण धरायचे नाही. नियम क्रमांक चौदा, तिनेच लिहिलेला. पण तो कोणाला लावला नव्हता. वीज गेली की माणसे विमान हवेत टांगून जनरेटर चालू करायला धावत, आणि वीज तर रोजच जात होती. तिने म्वेवाचे जुने अहवाल काढले. बारा मिनिटे. वीस. चौदा. एकेचाळीस. वीज गेल्याची खूण एकातही नव्हती.

अवघड जागा आली की थांबत असणार. वादळ पुढे सरकू देत असणार. पाणी पिऊन, हात झटकून मग उतरत असणार. म्हणून अठ्ठावन्न फूट.

नऊ अहवाल निघाले. नऊही तिने रद्द केले. कारण या रकान्यात दर वेळी तेच लिहिले: नियम १४. शेवटच्या क्लिकबरोबर म्वेवाच्या नावापुढची चौथी पट्टी गेली.

“काय गं, गालातल्या गालात हसतेस ती?” मोंडेने विचारले.

“कुठे हसतेय?”

दहा मिनिटांत उत्तर आले. ‘बरोबर आहे मॅडम. चूक माझीच. पुन्हा उडवतो.’

तो भांडला असता तर बरे झाले असते. भांडणाची तिची सगळी तयारी होती.

बा हामुसोंदे यांचा फोन दुपारी आला.

“नऊच्या नऊ?”

“नियम आहे.”

“अगं, वीज गेली असेल पोराची.”

“नव्हती गेली. बघितलं मी.”

पलीकडे ते खोकले.

“नियम तूच लिहिलास म्हणा.”

“आणि तुम्ही सही केलीत.”

“केली खरी,” ते म्हणाले आणि विषय बदलून मोंझेच्या एका आडमुठ्या बैलाबद्दल बोलत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी नासिलेलेचे नाव जाहीर केले. मोंडेने कोंबडी केली. चिपाटाच्या पाद्र्यांनी आशीर्वाद लिहून पाठवला. अभिनंदनांमध्ये म्वेवाचेही होते, आणि ते इतके साधे होते की तिने त्यात टोमणा शोधला. सापडला नाही. कोण कुठे उडते आहे ते दाखवणाऱ्या कंपनीच्या थेट नकाशावर त्याचे इवलेसे विमान त्या आठवड्यात सतत दिसत होते. रद्द झालेली एकेक फेरी तो नव्याने उडवत होता, कुठेही न थांबता, आणि उतरत होता साठ फुटांनी, पंचावन्न फुटांनी.

गुरुवारी ती कार्यालयात डबा उघडत होती, तेव्हा त्याचा निरोप आला.

‘मॅडम, त्रास देतो. मार्गवही, पान १६३, मोंगू ते कालाबो. तुम्ही लिहिलंय, लुआंगिंगा नदी दुसऱ्यांदा वळते तिथे एकटं अंजिराचं झाड आहे, पुरात होड्या त्यालाच बांधतात. मला ते काही सापडत नाही. मागच्या खेपेला खूप शोधलं. या खेपेला थांबायचं नाही म्हणून नीट बघताच आलं नाही. माझा कॉम्प्युटर जुना आहे, म्हणून दिसत नाही का?’

नासिलेलेने निरोप दोनदा वाचला. डब्याचे झाकण परत लावले.

मग तिने नऊ अहवाल उघडले. विमान कुठे थांबले होते त्याचे अक्षांश-रेखांश प्रत्येकात होते; त्या दिवशी तिने फक्त मिनिटे बघितली होती. टेबलावर मोठा नकाशा पसरून तिने पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. वादळ नव्हते तिथे. कुठली अवघड धावपट्टीही जवळ नव्हती. पहिली खूण काफुएच्या धरणाजवळ पडली, जिथून खडकांची रांग मगरीच्या पाठीसारखी दिसते, असे पान ९८ वर होते. दुसरी काओमाच्या अलीकडे, जिथे दोन रस्ते मिळतात आणि तिसरा फुटतो. तिसरी पूरमैदानाच्या कडेला, जिथे वाळूचा पिवळा पट्टा संपतो. चौथ्या खुणेपासून तिला नकाशा लागला नाही. पुढचा बिंदू कुठे पडणार हे आकडे वाचण्याआधीच तिला ठाऊक होते.

एकेचाळीस मिनिटे तो लुआंगिंगाच्या दुसऱ्या वळणावर हवेत उभा होता.

झाड तिथे नव्हतेच. सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी त्या जागी नुसता हिरवा रंग फासला होता. खरे झाडही ती अकरा वर्षांची असताना पुरात गेले होते. त्याच्यापलीकडे तिच्या मामाचे गाव. लिहिता लिहिता हात पुढे गेला आणि झाड वहीत आले. कोण वाचणार होते?

आणि तरीही पेन्सील हातात धरून बसलेल्या नासिलेलेच्या मनात जे पहिले आले ते पुन्हा तेच जुने होते. यातही हा पुढे गेला. मी लिहिली त्यापेक्षा जास्त मन लावून यानं वाचली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने बा हामुसोंदे यांना फोन लावला आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. नियम लावला तो फक्त त्याला लावला, हे ती इतक्या घाईत बोलली की ते तिला दोनदा सांगावे लागले.

“मला हे पंधरा दिवसांपूर्वी सांगायला काय झालं होतं?” ते चिडले. “आता मी सगळ्यांना कळवून बसलो. पाद्रीबाबानं प्रार्थनासुद्धा केली तुझ्यासाठी.”

“तुम्ही म्हणाल तर मी सोडते.”

“मी कशाला म्हणू? मी आता गुरांचा माणूस. कंपनी तुझी आहे, तूच निस्तर.” मग म्हणाले, “मला त्याचं नाव घ्यायचं होतं. तेही ऐकून ठेव.”

“ठाऊक होतं मला,” ती म्हणाली.

तिने नऊ अहवाल मंजूर केले. चौथी पट्टी परत आली. मग सर्वांसाठी निरोप लिहायला घेतला. प्रमुख म्हणून तिचा हा पहिलाच. ‘काही तांत्रिक कारणामुळे कॅप्टन कापेम्ब्वा यांचे नऊ अहवाल चुकून रद्द झाले होते.’ एवढे लिहून ती थांबली. ‘तांत्रिक कारणामुळे’ पुसले. ‘चुकून’ राहिले होते, थोड्या वेळाने तेही पुसले. वाक्य ‘मी’पासून सुरू केले आणि शेवटपर्यंत नेले. प्रमुख कोण असावे हे पुन्हा ठरवा, मी माझे नाव धरून बसलेली नाही, असे खाली लिहिले आणि पाठवले.

त्यानंतर एकट्या म्वेवाला लिहिले, की तुझा कॉम्प्युटर ठीक आहे. ते झाड सिम्युलेटरमध्ये नाही. पूर्वी होते, मी बघितलेले आहे.

स्वयंपाकघरात पाणी खळखळत होते. तिने मक्याचे पीठ सोडले आणि नशिमा घोटायला लागली. एकदा पीठ घट्ट व्हायला लागले की दोन्ही हात गुंततात, अर्ध्यावर सोडता येत नाही. खिडकीत ठेवलेला फोन थरथरायला लागला तो थांबेचना.

“अगं बघ तरी,” भाजी चिरता चिरता मोंडे म्हणाली. “पेटलाय तुझा फोन.”

“हात अडकलेत.”

“मी बघू?”

मोंडेने हात पुसून फोन उचलला आणि बोटाने निरोप वर सरकवत गेली. तिच्या भुवया हळूहळू वर चढल्या. मोठ्या बहिणीकडे तिने एकदा बघितले आणि पुन्हा निरोपांत डोके घातले.

“त्याचं आहे का त्यात?” भांड्यातली नजर न काढता नासिलेलेने विचारले.

“मान्साच्याचं? आहे ना.”

“काय म्हणतो?”

“‘डाव्या काठाला की उजव्या?’ एवढंच. कशाचा काठ गं?”

नासिलेलेने लाकडी पळी भांड्याच्या कडेला दाबून धरली. वाफ तोंडावर येत होती, तरी ती मागे सरली नाही.

“लिही,” ती म्हणाली. “उजव्या. पाणी चढलं की मात्र झाड मधोमध यायचं.”